अँबॅसिडरच्या चार काचा आणि उद्यमनगरातलं बिनपाटीचं दुकान

गेल्या जुलैत किणी टोलनाक्याच्या थोडं अलीकडे, भर पावसात, माझ्या गाडीची ड्रायव्हरकडची काच दारात पडली. फुटली नाही. 'खड्' असा आवाज करून आत गेली आणि हँडल नुसतंच गरागरा फिरायला लागलं. शेजारी नणंद बसली होती. तिनं साडीच्या दुकानाची पिशवी फाडून खिडकीला धरली, आणि मी उजवी बाही पिळत पिळत इचलकरंजीपर्यंत गाडी आणली. त्या रात्री ठरवलं की आता ठिगळं बास, चारही दारांचं काम एकदाच नीट करायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते करून घेतलं. जुन्या गाड्या बाळगणारे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी सासऱ्यांची, १९८२ सालची अँबॅसिडर, मार्क ४, पांढरी. सासरे सुताचे व्यापारी होते. या गाडीच्या डिकीतून त्यांनी किती सूत वाहिलं असेल त्याचा हिशोब नाही. ते गेले तेव्हा घरातल्या सगळ्यांचं मत होतं विकून टाका. मी बँकेत कॅशियर होते, सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले. म्हटलं एक तरी वस्तू बिनफायद्याची ठेवू. कंपनीचं, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सचं म्हणाल तर बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ च्या मे महिन्यात बंद पडला, आणि २०१७ मध्ये अँबॅसिडर हे नावसुद्धा ऐंशी कोटींना फ्रेंच कंपनीकडे गेलं. त्यामुळे 'कंपनीचा पार्ट' असं कुणी काउंटरवर म्हणालं की मी आधी चष्मा लावते.

काचांचं दुखणं तीन-चार वर्षांचं. त्याआधी एका गॅरेजात (गाव सांगत नाही, नावही नाही) काचांवरची जुनी काळी फिल्म काढायला गाडी दिली होती. फिल्म सासऱ्यांनी लावलेली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवर फिल्म लावायला बंदी केली तरी ती तशीच होती, आणि पुनर्नोंदणीच्या वेळी काढणं भाग पडलं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी ते सोपस्कार असतातच. त्या गॅरेजवाल्यानं फिल्म काढण्यासाठी काचाच दारातून बाहेर काढल्या. बसवून दिल्यावर ड्रायव्हरकडची काच शेवटच्या दोन बोटांना अडायला लागली. परत नेली तर म्हणाला, "जुनी गाडी आहे मॅडम, थोडं जोर लावून फिरवा." मी मूर्खासारखी तीन वर्षं जोर लावला.

मधल्या काळात आणखी दोघांना दाखवली. एकानं चारही दारांना बटणाच्या काचा बसवायचा किट सुचवला, अठरा हजार. दुसऱ्यानं मागच्या डाव्या काचेखाली लाकडाची पाचर मारून वर सिलिकॉन भरलं. काच खाली येणार नाही याची मात्र त्यानं पक्की व्यवस्था केली!

आता दुकानाबद्दल. पाटी नाही. उद्यमनगरातल्या लेथच्या ओळीत एक अरुंद गाळा आहे, दारात एक जीप आणि चाकं काढलेली मेटॅडोर उभी असते. आजूबाजूला दिवसभर लोखंड कातल्याचा आवाज आणि कूलंट तेलाचा वास. चालवणारे साठीतले गृहस्थ; सगळं उद्यमनगर त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ते फक्त दारं आणि काचा करतात. इंजिनाचं विचारलं तर बोटानं समोरचा गाळा दाखवतात. मला ही गोष्ट पहिल्यांदाच आवडली. बँकेतही जो माणूस 'हे माझ्या टेबलाचं काम नाही' म्हणून बरोबर टेबल दाखवायचा, तोच कामाचा असायचा.

मी धरून चालले होते की मशीन गेली. मशीन म्हणजे हँडल फिरवल्यावर काच वर ढकलणारी दातेरी यंत्रणा. मामांनी दार उघडलंच नाही. आधी मागचं दार घेतलं, काच अर्ध्यावर आणली आणि दोन्ही तळवे काचेवर ठेवून ती पुढेमागे हलवली. मग वर. मग खाली. कान दाराला लावून. असं चारही दारांना केलं. ड्रायव्हरकडच्या दारात पडलेली काच वरच्या फटीतून दोन बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "ताई, पयल्यांदा मशीन न्हाई गेली. काच तिरकी चालत हुती, तिनं मशीन खाल्ली."

दार उघडल्यावर ते दिसलं. अँबॅसिडरची हँडलं काढायला स्क्रू शोधत बसू नका. हँडलमागची चकती आत दाबली की एक बारीक पिन दिसते, ती ठोकून काढायची. मग डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं झाकण, क्लिपांमधून सुटतो. माझ्या पॅडचा हार्डबोर्ड पाणी पिऊन पापडासारखा फुगला होता. आतलं काम असं असतं: काचेच्या खालच्या कडेला एक लोखंडी पट्टी घट्ट बसवलेली असते, तिच्या आत रबराची अस्तरपट्टी. त्या पट्टीत एक खाच, आणि मशीनच्या दांड्याच्या टोकाचा रोलर त्या खाचेत सरकतो. हँडल फिरवलं की दांडा गोलात उठतो, पण काच सरळ वर जायला हवी. म्हणून रोलरला आडवं सरकायला जागा लागते. त्या आधीच्या गॅरेजवाल्यानं पट्टी काचेवर परत ठोकताना जवळजवळ एक इंच मागे बसवली होती. परिणाम असा की काच वर जायच्या आतच रोलर खाचेच्या टोकाला जाऊन अडायचा. मी वरून जोर लावायची, रोलर पुढे जाऊ शकत नाही, मग काच तिरकी होऊन चौकटीत रुतायची आणि सगळा भार मशीनच्या त्याच पाचसहा दात्यांवर. ते दाते झिजून झिजून किणीला संपले.

मामांनी मला पट्टीवरचा जुना गंजाचा डाग दाखवला. काच मुळात कुठे बसली होती त्याची रेघ काचेवर स्पष्ट होती, तीस वर्षांची. एवढी रेघ असताना एक इंच चुकतो म्हणजे माणसानं बघितलंच नाही. काच काढण्याआधी पट्टीच्या दोन्ही टोकांना मार्करनं खूण करायला एक मिनिटही लागत नाही. तुमची गाडी कुठेही द्या, ही खूण स्वतः उभं राहून करून घ्या.

दाराच्या तळाशी काय काय निघालं! चिखल, कधीकाळी फुटलेल्या काचेचे साबुदाण्याएवढे तुकडे, पन्नास पैशांचं नाणं, आणि एक कांडी. मागाच्या धोट्यात घालतात ती, अर्धवट सूत गुंडाळलेली. सासरे नमुन्याच्या कांड्या कानाला पेन खोचावं तशा कुठेही खोचून ठेवायचे. ती नेमकी दाराच्या तळाच्या भोकावर आडवी पडली होती. मला हसू आलं आणि मग बराच वेळ काही बोलता आलं नाही. मामांनी ती पुसून, काही न बोलता, डॅशबोर्डवर ठेवली.

त्या भोकांचं महत्त्व मला तिथे कळलं. माझी समजूत अशी की चांगल्या दारात पाणी जाता कामा नये. पाणी जातंच. काचेच्या बाहेरच्या अंगाची रबरी पट्टी कितीही नवी असली तरी ओघळ आत उतरतो. दाराच्या तळाला भोकं त्यासाठीच ठेवलेली असतात. पॅडच्या मागे मात्र प्लास्टिकचा कागद हवा, म्हणजे आत आलेलं पाणी लोखंडावरून खाली जातं, हार्डबोर्डात शिरत नाही. माझ्या चारही दारांत हा कागद नव्हता. काढलेला परत लावायचा कंटाळा, दुसरं काय. भोक बुजलेल्या दाराचा तळ आतून कुजला होता. तिथे पत्र्याचं ठिगळ आणि रेड ऑक्साइड, म्हणजे गंज थोपवणारा तांबडा रंग.

मशीनचा निकाल त्यांनी चार दारांचा वेगवेगळा लावला, आणि इथे मी त्यांना पैकीच्या पैकी देते. ड्रायव्हरकडची बदलावी लागली. एका भंगारात गेलेल्या अँबॅसिडरची जुनी मशीन त्यांनी दोन दिवसांत मिळवली. नवी नक्कल मिळत होती, तिचा पत्रा त्यांनी अंगठ्यानं वाकवून दाखवला. बाकी तिन्ही मशीन फक्त रॉकेलमध्ये धुतल्या. जुनं ग्रीस काळ्या डिंकासारखं झालं होतं, तेच हँडल जड करत होतं. त्यांचा पोरगा घाईनं मशीनच्या दांड्याचा नट सोडायला गेला तेव्हा मामा ओरडले. आत घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, काचेचं वजन तोलायला. काचेचा भार नसताना दांडा मोकळा सोडला तर सपकन फिरतो आणि बोटं घेतो. आधी व्हाइसमध्ये पकडली, मग उघडली. घरी युट्यूब बघून करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

चारही रोलर झिजून लिंबाच्या फोडीसारखे झाले होते. हे बाजारात शोधायला गेलात तर महिना जाईल. मामा शेजारच्या लेथवर गेले, नायलॉनचा गज दाखवला, आणि चहा निवायच्या आत चार रोलर कातून हातात. पितळी का नाहीत, मी विचारलं. म्हणाले पितळी रोलर पट्टीची खाच खातो, नायलॉनचा स्वतः झिजतो. रोलर ऐंशी रुपयांचा, पट्टी साडेचारशेची. हा हिशोब कॅशियरला लगेच पटला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फेल्टच्या चॅनलमध्ये. काच दोन्ही बाजूंनी ज्या मऊ अस्तराच्या खोबणीतून सरकते ती ही. जुनी दगड झाली होती, शिवाय फिल्मचा चिकट डिंक तिच्यात मुरलेला. मागच्या डाव्या काचेवर उभ्या चरा पडल्यात त्याही तिथे अडकलेल्या वाळूनंच. मामांनी दोन नमुने पुढे ठेवले. आता सुताच्या घरात चाळीस वर्षं काढल्यावर मला कापड कुणी शिकवू नये: एकावर लव नुसती चिकटवलेली, नखानं उकरली की पावडर, दुसरी विणलेली, तळापासून घट्ट. दुसरी घेतली. दर फक्त थोडा जास्त. बसवताना मामांनी ती ताणली नाही, उलट कोपऱ्यात किंचित ढिली सोडली. ताणलेली चॅनल उन्हात आखडते आणि कोपऱ्यातून सुटते. चिकटवल्यावर रात्रभर ठेवली. आणि तेल, ग्रीस, काहीही नाही. नुसती शंखजिऱ्याची पूड, कापडाच्या पुरचुंडीनं थोपटलेली. तेल लावलं की दोन दिवस काच लोण्यासारखी चालते, मग धूळ बसून त्याचा लगदा होतो. माझ्या चॅनलमध्ये मीच कितीदा शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. मामांना सांगितलं नाही.

चरा पडलेली काच बदलून टाकू, नवी कापून घ्या, असं मी म्हटलं. त्यावर मामा नुसते हसले. बाजूच्या खिडकीची काच टफन केलेली असते. ती आकार देऊन, कडा घासून मग तापवून एकदम थंड करतात. नंतर तिला कापायला गेलं की अख्खी काच दाणेदार चुरा होते, दाराच्या तळाशी निघाले तसेच तुकडे. म्हणजे नवी करायची तर कारखान्यातून मापानं करून आणा, नाहीतर दुसऱ्या अँबॅसिडरची शोधा. चरा राहू द्या, म्हणाले. राहू दिल्या. शेजारच्या दुकानातला पोरगा मात्र 'वरून फिल्म मारू, चरा दिसणार नाहीत' म्हणून आला. त्याला मीच परत पाठवला. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार यायला हवा, हे आता मला पाठ आहे.

जुळवणी दुसऱ्या दिवशी झाली. मी मुद्दाम थांबले. काचा वाकळेवर ओळीनं निजवलेल्या. पट्टीत नवं रबर, साबणाचं पाणी, आणि लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकत पट्टी बरोबर जुन्या रेघेवर. मग काच दारात, मशीनचे बोल्ट घातले पण आवळले नाहीत. हे मला नवीन होतं. ढिल्या बोल्टांवरच हँडल फिरवून काच पूर्ण वर नेली, चौकटीत ती आपली आपण बसली, आणि त्या जागी धरून बोल्ट आवळले. आधी आवळून मग काच वर ढकलली की मशीन म्हणेल तिकडे काच जाणार. मग बटरफ्लाय (पुढच्या दारातली छोटी तिकोनी काच) आणि मोठी काच यांच्या मधला उभा खांब. काचेची पुढची वाट हाच. त्याच्या खालच्या टोकाचा बोल्ट लांबट भोकात असतो, खांब दोन सूत (हे सूत मापाचं, इंचाचा आठवा भाग) आत घेतला, काच जड, एक सूत बाहेर, काच हलकी पण खडखडायला लागली, मग मधे. असं अर्धा तास. माझा दुपारचा डबा खाऊन झाला.

शेवटी मी पर्समधून दहाची कोरी नोट काढली. दार आणि चौकटीच्या रबरात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची: सुळकन आली तर तिथे फट. मामांना खूळ वाटलं, पण तिसऱ्या ठिकाणी ड्रायव्हरच्या दारात वरच्या कोपऱ्यात नोट सहज निघाली, तेव्हा ते गप्प झाले. काचेचा दोष नव्हता, दारच बिजागरीवर खाली बसलं होतं. बिजागरीची पिन बदलून दार उचललं. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मी म्हटलं घ्या, तर म्हणाले, "माझ्याच नजरंतनं सुटलं, तुमच्याकडनं कसं घेऊ?"

हिशोब, कारण तो कुणीच लिहीत नाही. मजुरी दर दाराला ६०० प्रमाणे २,४००. फेल्टची चॅनल चार दारांची १,५२०. काचेखालची एक पट्टी नवी करून ४५०. रोलर चार, ३२०. जुनी मशीन ९००. तळाचं वेल्डिंग आणि रेड ऑक्साइड ५००. आतबाहेरच्या रबरी पट्ट्या ५६०. बटरफ्लायची रबरं २००. एकूण ६,८५० रुपये. प्लास्टिकचा कागद माझा, घरून आणलेला, जाड. अठरा हजारांच्या बटणांच्या किटशी तुलना तुम्हीच करा. आणि तो किट त्याच तिरक्या पट्टीवर बसला असता, मोटरनं काच आणखी जोरात रुतवली असती.

आता तक्रारी. दोन दिवस म्हणाले, पाच लागले. फोन उचलत नाहीत. त्यांचा पोरगा उचलतो आणि "मामा जेवायला गेलेत" म्हणतो, सकाळी साडेदहालासुद्धा. बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर पेन्सिलीनं आकडे. बेरीज बरोबर होती, मी दोनदा केली. बसायला एक स्टूल, तेही तेलकट. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, त्यासाठी मला दोनदा बाजारापर्यंत चालत जावं लागलं. पाच दिवसांच्या कामाला हे लहान गाऱ्हाणं नाही. डाव्या डोअर पॅडची एक क्लिप बसवताना मोडली ती त्यांनी सांगितली नाही, मला घरी आल्यावर दिसली.

आणि बटरफ्लाय. उजवी झकास झाली. खालच्या खुंटीची स्प्रिंग आवळून दिल्यावर ती वाऱ्यानं मिटत नाही, जिथे ठेवावी तिथे राहते. डावीला रबर मिळालं नाही म्हणून दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं कापून लावलंय. साठच्या पुढे गेलं की शिट्टी वाजते. नणंद म्हणते कुकर लावलाय का.

पण काचा! पाऊस संपेपर्यंत मी रोज काहीतरी निमित्त काढून गाडी बाहेर काढली. दोन बोटांनी हँडल फिरतं, चारही दारांना मोजून तितक्याच फेऱ्या. वर गेल्यावर काच 'टप्' करून चौकटीत बसते आणि बाहेरचा आवाज बंद होतो. सासरे या खिडकीतून हात बाहेर काढून वळायची खूण करायचे, इंडिकेटर चालू असला तरी. परवा जयसिंगपूरच्या वळणावर माझाही हात बाहेर गेला. मागचा मोटारसायकलवाला गोंधळला.

पाचपैकी साडेचार देते; अर्धा शिट्टीचा. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, डबा न्या, प्लास्टिकचा कागद स्वतःचा न्या, आणि काढलेले जुने भाग परत मागा. डाव्या बटरफ्लायचं खरं रबर 'पुढच्या बुधवारी' येणार आहे असं मामा म्हणालेत. काल तिसरा बुधवार झाला. मी फोन केला होता. मामा जेवायला गेले होते.